धुळ्याचा वर्ग आणि सुपडीची भाकर

जळगाव, पिंप्राळ्याचा रस्ता
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८६०

तीर्थस्वरूप अक्कांच्या पायांवर धाकट्या तोतारामाचे डोके. इकडे मी, माझा दमा आणि बालगृहातली एकतीस मुले सगळे धडधाकट आहोत (दमा सर्वांत जास्त). तिकडे तुमचे गुडघे थंडीत कसे आहेत, चिरंजीव जीवरामाच्या कपाशीची वेचणी कुठवर आली, आणि मागच्या पत्रात जी म्हैस रुसून बसली होती ती आता दूध देते की नाही, हे सगळे सूनबाईंकडून लिहवून घ्यावे. हे पत्र सूनबाईच तुम्हाला वाचून दाखवणार, म्हणून अक्षर मुद्दाम मोठे काढले आहे. कागद जास्त लागले, त्याला माझा इलाज नाही.

दीड महिना माझे पत्र नाही म्हणून तुम्ही शिंदखेड्याहून दोन माणसांबरोबर निरोप धाडलेत, ते दोन्ही पोचले. मी जळगावात नव्हतो. कुठे होतो ते सांगतो, पण हसू नये. (सूनबाई, तुम्ही हसलात तरी चालेल, पण अक्का हसल्या तर मला कळवू नका.) वीस वर्षे मराठी शाळेत मास्तरकी आणि नऊ वर्षे या अनाथ बालगृहाचे व्यवस्थापन करून झाल्यावर, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मी धुळ्याला महिनाभर मूल कसे सांभाळावे हे शिकायला गेलो होतो.

झाले असे की, धुळ्याच्या काही सुशिक्षित मंडळींनी खानदेशातल्या अनाथालयांतून, सूतिकागृहांतून काम करणाऱ्यांसाठी एक बालसंगोपन वर्ग काढला. त्यांचे पत्र आमच्या कमिटीचे अध्यक्ष छगनशेठ यांना आले. छगनशेठ म्हणजे कापसाचे जिनिंगवाले. माणूस दिलदार, पण पत्र पूर्ण वाचण्याची सवय नाही. पत्रात लिहिले होते की, मुलांशी ज्या व्यक्तीचा सर्वांत जास्त संबंध येतो ती पाठवावी. शेठजींनी माझ्याकडे पाहिले, मी छताकडे पाहिले. आमच्या बालगृहात मोठी माणसे दोनच, एक मी आणि दुसरी स्वयंपाकीणबाई पुष्पाबाई. पुष्पाबाई गेल्या तर एकतीस मुलांच्या भाकरी कोण थापणार? म्हणून मी. असा विचार करून माझी निवड झाली, आणि खरे सांगायचे तर मला तो अपमान वाटला. ज्याने सातशे पोरांना पावकी-निमकी शिकवली त्याला आता कोणी तरी लंगोट बांधायला शिकवणार!

चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला उतरलो. वर्ग एका दवाखान्याच्या मागच्या पडवीत भरे. आत पाऊल टाकले तो सतरा बायका बसलेल्या. सुईणी, दवाखान्यातल्या आया, दोन विधवा शिक्षिका, एक मिशनातली बाई. मला पाहून त्यांना वाटले, कोणाचे तरी यजमान पोचवायला आले आहेत. मी अठरावा विद्यार्थी आहे हे कळल्यावर सगळ्यांनी डोक्यावरचे पदर एकदम पुढे ओढले, त्याचा वाऱ्यासारखा आवाज झाला. शिकवणाऱ्या कमलबाई, पुण्याला नर्सिंग शिकून आलेल्या. वय असेल अठ्ठावीस, म्हणजे माझ्या जुन्या तुकड्यांतली एखादी पोर असती तर एवढीच झाली असती. आवाज इतका बारीक की ऐकायला गप्पच बसावे लागे. (वीस वर्षे मी पोरांना गप्प बसवायला ओरडत होतो. ही युक्ती मला कोणी सांगितली नव्हती.)

तिसऱ्या दिवशी तान्ह्या मुलाला आंघोळ घालण्याचा पाठ होता. वर्गात चिनी मातीची बाहुली एकच, ती कमलबाईंच्या ताब्यात गेली. बाकीच्यांना बाजारातून आणलेली डांगरे फडक्यात गुंडाळून दिली. एकेक भोपळा म्हणजे एकेक बाळ. माझ्या वाट्याला चांगले पाच शेर वजनाचे आले. मी ते देठाला धरून उचलले, जसे वर्गात पोराचा कान धरून उचलत असे तसे. शेजारी नरडाण्याची भागाबाई नावाची सुईण बसली होती. तिच्या हातून म्हणे दोनशे पोरे जन्मली आहेत. ती म्हणाली, “मास्तर, ते डांगर नई, पोर शे. त्यानी मान धरा.” मी मान शोधू लागलो, तेवढ्यात साबण लागला आणि बाळ माझ्या हातून सुटून घंगाळाच्या काठावर आपटले. दोन शकले झाली. सतरा बायका एकदम “अगं माय!” म्हणाल्या. त्या संध्याकाळी खाणावळीत डांगराची भाजी होती. सगळे जेवले. मला घास उतरेना. त्यात हसण्यासारखे काय आहे ते मला अजून कळलेले नाही, पण भागाबाई हसून हसून पाणी प्यायली.

इथपर्यंत सगळी गंमत होती. पुढचे सांगायला मला जरा जड जाते, तेव्हा सूनबाई, इथून थोडे सावकाश वाचा.

पहिला आठवडा संपताना कमलबाईंनी प्रत्येकाला एक कागद दिला. आपल्याकडच्या कोणत्याही एका मुलाबद्दल सहा प्रश्न. खायला काय आवडते, कशाला भिते, झोपताना कोणत्या कुशीवर झोपते, दुखलेखुपले तर कोणाकडे जाते, शेवटचे खळखळून केव्हा हसले, आणि एक विसरलो. मी सुपडीचे नाव घातले. सुपडी सात वर्षांची. दोन वर्षांपूर्वी भडगावकडच्या एका खेड्यात पटकीची साथ आली, तीत तिचे आईबाप गेले आणि पोलीस पाटलाने तिला आणून आमच्या ओट्यावर बसवले. तिचेच नाव का घातले? कारण भाद्रपदात तिला मी शिक्षा केली होती, म्हणून ती एकटीच मला ठळक आठवत होती. बाकीची तीस मला हजेरीपटावरच्या ओळींसारखी दिसत. सहाही उत्तरे मी झरझर लिहिली. खायला आवडते, पुरणपोळी. भिते कशाला, व्यवस्थापकांना (शिस्त उत्तम असल्याचा पुरावा म्हणून हे मी खाली रेघ ओढून लिहिले). दुखले तर जाते, व्यवस्थापकांकडे. कागद परत आला तेव्हा चूक म्हणून कुठेच खूण नव्हती. खाली बारीक अक्षरात एवढेच होते, की हे तुम्ही कधी पाहिलेत? अक्का, वीस वर्षे मी लाल शाई वापरली, पण एकाही पोराला असे घायाळ करणारे वाक्य मला सुचले नाही.

मला राग आला. रागाच्या भरात मी वर्गात उभा राहिलो आणि सुपडीचा किस्सा सगळ्यांना सांगितला, आपल्याला मुलांची माहिती किती आहे ते दाखवायला. या मुलीच्या गोधडीखाली मला भाकरीचे सात तुकडे सापडले होते. बुरसटलेले, मुंग्यांची रांग पार माझ्या टेबलापर्यंत आलेली. दोन वेळा पोटभर मिळत असून चोरी! तळहातावर तीन छड्या दिल्या, रात्रीचे जेवण बंद केले, आणि तेव्हापासून पुन्हा तिच्या गोधडीखाली एक कण सापडला नाही. हे सांगून मी जरा थांबलो. कौतुकाची वाट पाहत होतो म्हणा ना. मग भागाबाईने अगदी साधेपणाने, जसे दुधाचा भाव विचारावा तसे, विचारले, “मंग आते कोठे लपाडस ती?”

मी म्हटले, आता लपवतच नाही. भागाबाईने माझ्याकडे पाहिले आणि सुपारी कातरू लागली. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पांझरेच्या काठी फिरायला गेलो तरी ते बरोबर, संध्येला बसलो तरी ते पुढ्यात.

दुसऱ्या आठवड्यापासून आम्हाला रोज एक तास त्याच आवारातल्या शिशुगृहात नुसते बसायचे होते. बोलायचे नाही, शिकवायचे नाही, एका मुलाकडे पाहायचे आणि दिसेल ते लिहायचे. अक्का, मला जन्मात इतके अवघड काम कोणी दिले नव्हते. पहिल्या दिवशी माझ्या कागदावर ‘मूल नाक पुसत नाही’ हे वाक्य अकरा वेळा आले. दुसऱ्या दिवशी न राहवून मी एका पोरीला नीट मांडी घालून बसायला सांगितले, तर कमलबाईंनी मलाच बाहेर नेऊन बसवले. चौथ्या की पाचव्या दिवशी एक तीन वर्षांची मुलगी रांगत, सरकत माझ्याजवळ आली, माझ्या पावलांवर बसली आणि खांबाला टेकावे तशी माझ्या नडगीला टेकली. माझ्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. हातात एक सुताचे रिकामे रीळ होते, ते फिरवत बसली. माझ्या पायाला मुंग्या आल्या, मग पाय आहे की नाही तेच कळेना. पण हललो तर उठून जाईल या भीतीने तासभर मी श्वाससुद्धा बेताने घेतला. लिहिणे तर दूरच. कागद कोराच दिला. त्यावर कमलबाईंनी पहिल्यांदा बरोबरची खूण केली.

परत आलो तो डोक्यात हा सगळा गोंधळ घेऊन. (परीक्षेचे विचाराल, तर दाखल्यावर लिहिले आहे, लेखी उत्तम, स्नान पुन्हा करून दाखवावे.) आल्या दिवशीच मी मुलांच्या पंगतीत खाली जाऊन बसलो. एकतीसच्या एकतीस मुले हात जोडून उभी राहिली. मी बसा म्हटले, ती बसली. पण घास कोणी उचलेना. पुष्पाबाईंना वाटले मी धुळ्याहून काही आजार घेऊन आलो आहे. त्यांनी मला आल्याचा काढा आणून दिला आणि घोंगडी पांघरली. तीन-चार दिवस असेच गेले. मग मुलांना माझी सवय झाली, जशी घरात शिरलेल्या बोकडाची होते, आणि ती आपापसांत बोलू लागली.

तेव्हा मला दिसले. सुपडी अर्धी भाकरी खाते आणि उरलेली अर्धी पोलक्यात सारते. इतक्या सफाईने, की मी शेजारी बसूनही दोन दिवस मला कळले नव्हते. जेवण झाले की ती कोठीच्या खोलीत जाते आणि लगेच परत येते. तिसऱ्या दिवशी दुपारी ती येण्याआधी मी कोठीत गेलो. ज्वारीच्या कणगीमागे घट्ट झाकणाचा एक पितळी डबा होता. आत स्वच्छ फडके, फडक्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचे अर्धे-अर्धे तुकडे, अगदी ताजे. मुंगी नाही, बुरशी नाही. मी तो डबा हातात घेऊन उभा होतो आणि दारात सुपडी आली.

ती रडली नाही, पळाली नाही. तिने माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिले, दोन पावले पुढे आली आणि आपणहून उजवा तळहात माझ्यापुढे उघडा करून धरला.

अक्का, मी तुम्हाला खोटे कधी लिहिले नाही. त्या वेळी माझ्या हातात छडी नव्हती, याबद्दल देवाचे आभार मानावेत की असती तरी मी वापरली नसती हे सांगून मोठेपणा घ्यावा, मला ठरवता येत नाही. मी फक्त एवढेच म्हणालो, “झाकण घट्ट लावत जा, उंदीर फार आहेत.” आणि डबा होता तिथे ठेवला. तिने हात लगेच खाली घेतला नाही. आपण चुकीचे ऐकले असेल असे तिला वाटले असावे. मग मी जमिनीवर बसलो, कारण माझे गुडघेही आता तुमच्याच वळणावर गेले आहेत. ती उभीच होती. मी काही विचारलेले नसतानाच ती कणगीकडे बघत म्हणाली, “तिसरा दिन टोपलामा आर्धीच भाकर व्हती.”

एवढेच. पुढचे मी पोलीस पाटलाच्या दोन वर्षांपूर्वीच्या कागदातून जुळवले. तो कागद माझ्याच टेबलात होता आणि मी तो फक्त जन्मतारखेसाठी वाचला होता. आईबाप गेल्यावर साथीच्या भीतीने त्या घरात तीन दिवस कोणी पाऊल टाकले नाही. पाच वर्षांची पोर आत एकटी होती. टोपलीत जे होते त्यावर तिने ते दिवस काढले, आणि तिसऱ्या दिवशी अर्धी भाकरी उरली होती. तिला मी चोर म्हटले.

पुष्पाबाईंना जाऊन विचारले की कोठीतला तो डबा कोणाचा. त्या परातीत पीठ मळत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, “माझाच. तुम्ही मारलं त्या दिवशीच दिला तिला. गोधडीखाली ठेवते तर मुंग्या चावतात पोरीला.” मी म्हटले, मला का सांगितले नाही? “तुम्ही विचारलं नाही मास्तर,” त्या म्हणाल्या, आणि थोडे पाणी घालून पुन्हा, “विचारलं असतं तरी सांगितलं नसतं.” मग कळले की मथीला वादळाची भीती वाटते म्हणून वारा सुटला की ती चुलीपाशी येऊन बसते, लहानग्या वेणूला डाव्या कुशीवरच झोप लागते, आणि अभिमन आठ महिन्यांत एकदाही हसला नव्हता, तो पुष्पाबाईंच्या हातून भाकरी तव्यावर उलटी पडली तेव्हा हसला. सहाही प्रश्नांची उत्तरे, एकतीस मुलांची, या बाईला तोंडपाठ होती. तिला अक्षर ओळखता येत नाही. आणि धुळ्याला गेलो मी.

त्या दिवशी मी दाराशी डबा मांडला. मोठा, कोणीही केव्हाही उघडावा आणि भाकरी घ्यावी असा. छगनशेठ म्हणाले, पोरे दिवसभर खात सुटतील. खरेच सुटली. पहिल्या दिवशी डबा दुपारीच रिकामा, दोघांची पोटे दुखली, काढा मलाच उकळावा लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकला. आता रोज पाच-सहा उरतात आणि आम्ही त्या कुस्करून फोडणीला टाकतो. सुपडी मात्र अजून अर्धी भाकरी पोलक्यात सारते. मी तिकडे बघत नाही. बघत नाही म्हणजे, बघतो, पण तिला दिसेल असे बघत नाही. हे मी धुळ्याला शिकलो.

मी कमिटीला लिहून दिले आहे की पुढच्या वर्गाला पुष्पाबाईंना पाठवावे, आणि त्या आल्यावर मुलांचा सगळा कारभार त्यांच्याकडे द्यावा. मी पत्रव्यवहार आणि दाणागोटा पाहीन, सकाळी पाढे घेईन. एक सभासद म्हणाले, स्वयंपाकिणीला ट्रेनिंग? मी म्हटले, मला दिलेत ना! त्यावर सभा हसली आणि ठराव पास झाला. कमलबाईंनी उलट टपाली कळवले की लिहिता येत नसले तरी चालेल, भागाबाईलाही येत नव्हते.

तुमच्या नातवाला माझा आशीर्वाद, जीवरामाला नमस्कार-आशीर्वाद जे वयाने बसेल ते. लोभ आहेच, तो वाढवावा असे लिहिण्याची रीत आहे, पण तुमचा लोभ आणखी वाढला तर मला तो पेलणार नाही. कळावे.

आपला धाकटा,
तोताराम

ता. क. : पुष्पाबाई महिनाभर धुळ्याला गेल्या तर एकतीस मुलांच्या भाकरीचा प्रश्न पुन्हा तोच येतो. तुम्ही यावे. थापायचे नाही, नुसते पाटावर बसून मोठ्या मुलींना सांगायचे. शिंदखेड्याहून गाडी थेट जळगावला येते, मी स्टेशनवर बैलगाडी घेऊन येईन. आई गेली तेव्हा तुम्ही बारा वर्षांच्या होतात आणि मला सांभाळलेत, तेही कोणत्याही वर्गाला न जाता.

ता. क. २ : वर ‘गेल्या तर’ असे लिहिले आहे ते बरोबर नाही. पुष्पाबाई परवाच गेल्या. छगनशेठांनी पाठवलेला आचारी लोटन पहिल्याच दिवशी पोरांचा गोंगाट ऐकून निघून गेला. गेले दोन दिवस भाकरी मी करतो आहे. या कागदावर जे पांढरे डाग दिसतात ते पिठाचे आहेत.

ता. क. ३ : वर ‘सुपडी अजून सारते’ असे लिहिले आहे तेही आता बरोबर नाही. या दोन दिवसांत सुपडीने अर्धी भाकरी बाजूला काढलेली नाही. पोलक्यात नाही, डब्यात नाही, मी नीट पाहिले. तिला उद्याचा भरवसा वाटू लागला, की माझी भाकरी उद्यासाठी ठेवण्याच्या लायकीची नाही, हे मला एकट्याला ठरवता येत नाही. पहिल्या गाडीने या आणि स्वतः खाऊन सांगा.